लाडवांच्या डब्यातला गाळ

वनाने मुंबईहून आईसाठी काय आणलं, तर तिच्याच लाडवांचे चार डबे भरून चिखल. ओहोटी लागली की खाडीत जो काळा गाळ उघडा पडतो, त्यातला पालापाचोळा कसा आणि किती दिवसांत कुजतो, यावर तो प्रबंध लिहीत होता. वासाला कंटाळून वसतिगृहाने त्याला डब्यांसकट सुट्टीवर धाडलं. एसटीत लोक सोनगीरपर्यंत एका सुकटवाल्याला शिव्या देत राहिले आणि वना साळसूदपणे खिडकीबाहेर बघत राहिला.

शिंदखेड्याला घरी त्याने मेणाने बंद केलेले डबे कणगीमागे ठेवले. हवा लागली तर नमुने बिघडणार, आणि पावसाळा तोंडावर; नवा गाळ मिळणार नाही, म्हणजे वर्ष बुडालं. “माय, डबास्ले हात लावू नको,” असं बजावून तो तीन आठवडे धुळ्याला शिकवायला गेला.

परतला तर अंगणात दोन डबे उघडे! त्याची आई भिकुबाई खुरप्याने गाळ खालवर करत होती.

“माय! हाई काय करं?”

“मन्हाच डबा शेतस ना? दिवाळीना लाडू धाडेल व्हतात, तव्हयपासून वाट दखस मी. उघडात तं खत निंघनं. येडा, खत कोनी कोंडी ठेवस का? हवा लागनी तं झट कुजस.”

“खत नही शे ते!”

“माले बी समजनं. चाखी दखं, बठ्ठं मीठ शे. पन तू इतल्या लांबथून आनं, म्हनीसन रोज हालायं.”

बाकी दोन डब्यांची झाकणं तिला निघाली नव्हती. भिंतीवर कोळशाच्या एकवीस रेघा होत्या, दिवसाला एक.

वनाने कपाळाला हात लावला आणि प्रबंधाच्या मार्गदर्शक सरांना रडकं पत्र लिहिलं. आठवड्याने उत्तर आलं: ‘दोन डबे बंद, दोनांना रोज हवा, वर दिवसांची नोंद! असं ताडून बघायचं मलाही सुचलं नव्हतं. चारही डबे घेऊन लगेच या. ज्यांनी हे केलं त्यांचे पाय धरा.’ वनाने खरोखरच धरले. भिकुबाई घाबरून मागे सरली.

पुढच्या वर्षी प्रबंध बांधून आला. आभारांत सरांच्याही आधी आईचं नाव होतं. ते कुठे आहे हे विचारून भिकुबाईने त्यावर बोट ठेवलं. बराच वेळ उचललं नाही. शाळा न पाहिलेल्या आईने त्याचं वर्ष वाचवलं होतं.

“चांगलं व्हयनं, भाऊ,” पदराने डोळे पुसत ती म्हणाली. “आते मन्हा डबा कव्हय आनशी?”