फिरत्या रेघेचा मालक

"आज त्या चोरांना उभे सोलून काढतो!" असं जाहीर करून गेमवाले पेटंट कचेरीतल्या सुनावणीच्या खोलीत शिरले. मागून बायको आणि तिच्या मागून, आधीच दमलेल्या वकीलबाई.

संताप रास्तच होता. एकाच टीव्हीवर दोघं व्हिडिओ गेम खेळतात तेव्हा पडद्याचे दोन भाग करावे लागतात. गेमवाल्यांच्या खेळात मधली रेघ खेळाडू वळतील तशी फिरायची आणि दोघं जवळ आले की नाहीशी व्हायची, समेट झालेल्या नवराबायकोमधल्या उशीसारखी! तिचं पेटंट गेमवाल्यांकडे होतं. तरी दुसऱ्या कंपनीने ती जशीच्या तशी उचलली. वर दावा ठोकला, की ही आम्हालाच आधी सुचली, यांचं पेटंट रद्द करा! चोर तो चोर, वर शिरजोर!

"विचारतील तेवढंच बोला," वकीलबाईंनी बजावलं.

"मी कधी जास्त बोलतो?"

बायकोने छताकडे पाहिलं.

समोरचा वकील लोण्यासारखा मऊ. "साहेब, तुमच्या अर्जाआधी ही रेघ कुणी पाहिलीच नव्हती. मग तुम्हाला आधी सुचली कशावरून?"

"पाहिली नव्हती?" गेमवाले खुर्चीतून उसळले.

वकीलबाई खोकल्या.

"अहो, अर्जाच्या दोन वर्षं आधी खेळांच्या प्रदर्शनात मांडली होती! भर गर्दीत!"

वकीलबाईंना खोकल्याची उबळच आली.

"यांना पाणी द्या कुणीतरी! आणि नुसती मांडली नाही, रेघ कशी फिरते ते येईल त्याला फोड करून सांगितलं! घसा बसला माझा! विचारा हिला!"

बायकोने वकीलबाईंकडे पाहिलं.

"अगं बोल की! घाबरतेस कुणाला?"

"खरंय," ती कशीबशी म्हणाली.

"आभारी आहे," म्हणत वकील खाली बसला.

सुनावणी घेणाऱ्या अधिकाऱ्यांनी चष्मा काढला. "शोध तुमचाच, यात शंका नाही. पण अर्जाआधीच जगाला उघड केलेल्या शोधावर पेटंट मिळत नाही. पेटंट रद्द. ही रेघ आता कुणीही वापरावी."

बाहेर आल्या आल्या गेमवाले वकीलबाईंवर कडाडले, "मला थांबवलं का नाहीत?"

"आणखी किती खोकायला हवं होतं?" म्हणून त्या तरातरा निघून गेल्या.

गेमवाले बाकावर बसले. बराच वेळ धुमसले. मग हळूच म्हणाले, "अगं, ते अधिकारी पेटंट रद्द म्हणायच्या आधी काय म्हणाले गं?"

"शोध तुमचाच."

"जरा मोठ्याने म्हण. तो वकील अजून जिन्यातच आहे!"