सेनापतींच्या हयातीचा दाखला

वडिवळ्याचा तुषार मंगळवारी सकाळी साडेदहाला वारला आणि दुपारी घरी येऊन पिठलं-भाकरी जेवला. असो. यातलं काहीच झालं नाही असं धरून आपण सोमवारपासून सुरू करू.

तुषार उर्श्याच्या टोलनाक्यावर कामाला होता, पण त्याचा जीव 'रत्नकोट दरबारा'त. 'रत्नकोट' ही राजाराणीची मालिका संपून वर्ष झालं, तरी चाहत्यांनी व्हॉट्सॲपवर दरबार भरवलेला. एकेकाने एकेक पात्र घ्यायचं आणि त्याच्या तोंडून लिहीत कथा पुढे न्यायची. तुषारकडे सेनापती भालदेव होते. अडचण एवढीच, की मालिकेत ते दोनशे बाराव्या भागात दरीत पडून गेले होते.

सोमवारी तुषारने त्यांना वर काढलं आणि भातलावणीला लावलं.

दरबाराची ॲडमिन सारिका लोणावळ्यातल्या चिक्कीच्या दुकानात बसायची. तिचा मेसेज लगेच आला. "सेनापती मेलेत. मूळ कथेत मेले म्हणजे मेले."

"ताई, दरीचा तळ मालिकेत दाखवलाच न्हाई," तुषारने लिहिलं. "खाली काय हाय, तुमाला काय म्हायती?"

"काय आहे?"

"आमचं धरण. आन् सेनापतींना पोहता येतं. भाग चाळीस बघा."

सारिकाने भाग चाळीस पुन्हा पाहिला. सेनापती खरंच पोहत होते.

"तरी लावणी चालणार नाही. आज लावणी, उद्या कुणीतरी राणीला एसटीत बसवेल."

तुषारला भांडायचं नव्हतंच. तलवारीशिवाय काही न येणारा माणूस गुडघाभर चिखलात उभा राहिल्यावर काय करतो, एवढंच त्याला बघायचं होतं.

मंगळवारी सारिकाने विषय कायमचा मिटवला. दरबारात भालदेव म्हणून तुषारचा एका लग्नातला फेटेवाला फोटो होता. त्याला तिने हार घातला, वर 'दुःखद निधन' लिहिलं, खाली 'सेनापती भालदेव, भाग २१२, दरीत पडून'. दरबारातच असलेल्या गावच्या कैलासने तुषारला चिडवायला ते पोस्टर पुढे ढकललं आणि बोट गावच्या ग्रुपवर पडलं.

आता गावात अशी पोस्टरं वाचायची पद्धत नाही. हार दिसला की हात जोडायचे. तासाभरात साठ जणांनी जोडले. त्यातले सदतिसावे हात तुषारचे. टोलवर गाड्यांची रांग लागलेली, त्याने बघितलं न बघितलं आणि 'भावपूर्ण श्रद्धांजली' टाकून मोकळा झाला.

पाळी संपवून तो घरी आला, तर दारात चपलांचा ढीग. दुःखाच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून चार घरांतून पिठलं-भाकरी आलेली. त्याची आई नंदाबाई सांगून सांगून दमली होती, "आवं, डबा घिऊन कामाला गेलाय त्यो." आणि बाया एकमेकींना सांगत होत्या, "धक्का बसलाय बिचारीला."

भावकीतल्या भिमाजीआबांनी चष्मा लावून तुषारला खालपासून वरपर्यंत बघितलं.

"तू हाईस व्हय रं?"

"हाय की, आबा. पोस्टर सेनापतीचं हाय."

"कंच्या गावचा सेनापती?"

"रत्नकोटचा."

"तितं आपलं कुनी पावणं न्हाईत." आबांनी मोबाईल पुढे धरला. "आन् हे हात कुनाचं? तूच श्रद्धांजली दिलीस. घरच्यांनीच मान्य केल्यावं गावानं काय करायचं?"

"पन आबा, मी समोर उभा हाय."

"त्ये दिसतंय मला. बेडशाचं पावणं निगाल्यात, त्यांना मोबाईलवर काय दिसलं त्ये सांग."

शेवटी तुषारने सगळी हकीकत पहिल्या भागापासून सांगितली. सेनापती दरीत पडले तशी ओसरी पुढे सरकली.

"मंग?" आबा म्हणाले. "फुडं काय झालं?"

"फुडंच लिहू देत न्हाईत, आबा."

"आसं कसं? मानूस चिखलात उभा करून सोडलाय तुमी."

"त्याला मूठ धराया तरी शिकवली का?" एक मावशी म्हणाली. "तलवारीवानी धरंल त्यो. रोपं मोडत्याल."

बेडशाचे पाहुणे रडत आले आणि रडं आवरून भालदेवांच्या खाचरात पाणी किती ठेवावं यावर भांडू लागले. तुषारने सगळं जसंच्या तसं दरबारात टाकलं.

सारिकाने विचारलं, "मूठ धरता आली का त्यांना?" मग सावरून तिने लिहिलं, "सेनापती जिवंत असल्याचा सरकारी कागद आणा. तोवर ते मेलेले आहेत."

"त्यात काय," आबा म्हणाले. "पेन्शनीला मी दर साली काढतो की." आणि त्यांनी तुषारला लिहायला बसवलं.

'प्रति, मा. ग्रामसेवक. विषय: हयातीचा दाखला मिळणेबाबत. महोदय, सेनापती भालदेव (भाग २१२ पासून बेपत्ता) हे हल्ली आमच्या शिवारात लावणीस असून त्यांना ओळखणाऱ्या साठ ग्रामस्थांच्या सह्या सोबत जोडल्या आहेत. सदर ग्रामस्थांनी यापूर्वी वाहिलेली श्रद्धांजली न वाचता वाहिलेली असल्याने ती रद्द समजावी. सेनापतींना दोन्ही हात चिखलात असल्याने समक्ष हजर राहता येत नाही. तरी लावणी उरकेपर्यंत त्यांना हयात धरावे, ही नम्र विनंती.'