एका जागेची सेटिंग

"जाऊन ये, पन जागा कोनाची तरी सेट असन," गोंदियाजवळच्या गोरेगावच्या बसस्टँडवर मुलाला सोडताना देवाजी म्हणाला. "आधी हेर, सेटिंग कोनाची हाय. मंग तोंड उघड."

विवेक धानाच्या वाणांवर एम.एस्सी. झाला होता. गोंदियात एका विद्यापीठाच्या धान संशोधन प्रकल्पात सहायकाची एकच जागा होती, थेट मुलाखतीनं. ती हुकली तर सोमवारपासून गोवर्धन शेठच्या राइस मिलमध्ये वजनकाट्यावर बसायचं, असं बापलेकात ठरलं होतं.

प्रकल्पाच्या व्हरांड्यात दोघं आधीच बसले होते. कडक इस्त्रीचा दुर्गेश निवांत पेपर वाचत होता. एवढा निवांत कशाला, असं विवेकला वाटलं. मंजू फाईल छातीशी धरून दोघांवर नजर ठेवून होती. यादीतली चौथी उमेदवार, कोणी खुशबू, अजून यायची होती.

तेवढ्यात शिपाई हिरालाल आला. तो विवेकच्या आजोळचा.

"काय गा भाचा, देवाजी बरा हाय ना?" त्यानं विचारलं आणि पाणी आणून दिलं. फक्त विवेकला.

दुर्गेशचा पेपर खाली आला.

"मामा, पंखा लावता का जरा?" विवेक म्हणाला. पंखा लागला. मंजूनं दुर्गेशकडे पाहिलं.

मग मूळ कागद दाखवायला विवेक आत ऑफिसच्या बाबूकडे गेला. बाबूला कपाटाची किल्ली सापडेना. शेवटी ती विवेकनंच टेबलाखालून काढून दिली, तेव्हा बाबू व्हरांड्याकडच्या खिडकीपाशीच त्याच्या खांद्यावर हात टाकून हसला.

कागद दाखवून विवेक बाहेर आला, तर व्हरांडा रिकामा होता.

विवेक चरकला. दोघं एकदम गेले, म्हणजे त्यांना आतली खबर लागली. न आलेल्या चौथीचीच सेटिंग असणार. तिला वेळेवर यायची गरजच काय! हिरालालमामाचं ते पाणीसुद्धा सांत्वनाचंच होतं. त्यानं फाईल उचलली आणि तोही निघाला.

दोघं कोपऱ्यावरच्या चहाटपरीवर सापडले.

"काऊन निघून आले बे?"

"मजाक करून राहिला का?" दुर्गेश उसळला. "शिपाई तुझा मामा, बाबू तुझा दोस्त. फिर हमको काहे को बुलाए?"

"पंखा बी याच्याच हुकमानं फिरते," मंजू म्हणाली.

"माझी कायची सेटिंग? तुमी गेले म्हणून तं मी निघालो! ते खुशबूची हाय ना?"

"ते तं अजून आलीच नाही," मंजू म्हणाली.

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि अर्धा चहा टाकून धूम ठोकली.

मुलाखतीच्या खोलीतून एक मुलगी बाहेर येत होती. बस ढकलून तिचे हात काळे झाले होते. "कोहमाऱ्यापाशी बस बंद पडली," ती हिरालालला सांगत होती. "मले वाटलं, गेलं सारं. अन् इथं तं कोनीच नोहतं!"

हिरालालनं कपाळावर हात मारला. "कोठी गेल्ते बे? दोनदा नावं पुकारली!"

मागून समितीचे अध्यक्ष आले. "जागा भरली. तिघं एकत्र गेलात, एकत्र आलात," त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "बहिष्कार होता का? कोणी शिकवलं?" आणि उत्तराची वाट न पाहता ते स्टेशनच्या रिक्षात बसले.

संध्याकाळी देवाजी बसस्टँडवर मोटारसायकल घेऊन उभाच होता.

"होती का सेटिंग?"

"होती."

"मी तं सांगतलोच होतो!" देवाजीचा चेहरा उजळला. "कोनाची?"

विवेक मागच्या सीटवर बसला.

"माझी."