साहेबाचा गुड

वलगावच्या पुंजारामने कापसाची बंडी अमरावतीच्या बाजारात साहेबाच्या तंबूपुढे उभी केली, तेव्हा साहेबाचा दुभाषी नेमका तापाने घरी पडून होता. अमेरिकेत लढाई पेटल्यापासून विलायतेला कापूस मिळेना, म्हणून साहेब वऱ्हाडात उतरलेला. पुंजारामचा माल पसंत पडला, तर साऱ्या गावाचा कापूस तो उचलणार होता. साहेबाने चिमूटभर कापूस ओढून तंतू पाहिला आणि म्हणाला, "गुड."

किराणेवाला गोवर्धन गुळाला गुडच म्हणायचा, त्यामुळे पुंजारामला शब्द लगेच कळला.

"वच्छले, साहेबाले गूळ पाह्यजे," तो घरी येऊन बायकोला म्हणाला.

"तो तं कापूस घ्याले आला ना?"

"मोठी मानसं सरळ मांगत नाईत. कापसाकडे पाहून मांगतात."

दुसऱ्या दिवशी त्याने गुळाची एक भेली नेली. साहेबाने भिडेखातर तुकडा चाखला आणि म्हणाला, "व्हेरी गुड."

गावात शेषराव पाटलांनी बराच विचार केला. "व्हेरी मंजे ढेर असन," ते म्हणाले. मग घराघरातून गूळ निघाला. तिसऱ्या दिवशी तीस भेल्या तंबूत रचल्या गेल्या. संध्याकाळपर्यंत मुंग्या साहेबाच्या टोपीत शिरल्या, तिथून मानेवर उतरल्या. साहेब लालबुंद होऊन दोन्ही हात हलवू लागला. "नो गुड, नो गुड."

"नौ म्हून राह्यला," पुंजाराम सोबतच्या सहदेवला म्हणाला. "आखीन नऊ पाह्यजेत."

त्या नऊ भेल्या पोचल्या त्याच दिवशी दुभाषीही उठून कामावर आला. त्याने पुंजारामला एवढंच सांगितलं, "आता गूळ आणू नका." साहेबाचं पोट गोडाने भरलं असणार, हे पुंजारामलाही पटलं.

साहेबाने मात्र इथे तो इंग्रजी शब्द पुन्हा उच्चारायचा नाही, असं ठरवलं. दुभाष्याकडून त्याने मराठी शब्द मागून घेतला आणि दोन दिवस आरशासमोर घोकला. दुभाषी गोदामावर गेलेला असताना त्याने पुंजारामला बोलावलं, कापसावरून हात फिरवला आणि मोठ्या कष्टाने म्हणाला, "चँग्ला. भॉट चँग्ला."

पुंजाराम खालमानेने घरी आला.

"आज काय मांगलं?" वच्छलेने विचारलं.

"नवाच इंग्रजी शब्द काढला. चँग्ला."

वच्छला भाकर थापता थापता थांबली. "जंगल म्हनला असन. जंगलातला मध पाह्यजे असन त्याले."

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब वजनकाटा घेऊन स्वतः वलगावात आला. पुंजारामची बंडी तेव्हा मधासाठी धारणीच्या जंगलाच्या वाटेला लागली होती.