पाच मिनिटं पुढचा डबा

बटणाएवढी एक बॅटरी मी एकदा चोरली होती. शेजारच्या गायकवाड भाऊंच्या फळीवर छोट्या पडद्याचा एक प्लॅस्टिकचा डबा बंद पडलेला दिसला, त्यातली काढली आणि माझ्या वजनकाट्यात घातली. मुलाने पुण्याजवळच्या सूसहून आणून दिलेला काटा सेल संपल्यामुळे गप्प होता, आणि आठवडाभर भात सोडल्याचं फळ मला त्याच दुपारी बघायचं होतं. तेव्हा मी जेमतेम त्रेसष्ट वर्षांची, अजाण. रिह्यासारख्या भाताच्या गावात राहून भात सोडणारी बाई किती शहाणी असेल ते तुम्हीच ठरवा. फळ दिसलं. पाऊण किलो वाढलं होतं.

हे गायकवाड भाऊ म्हणजे वस्तू झोपवणारा माणूस. मीटर बनवणाऱ्या कारखान्यात हयातभर नोकरी केली, आता घरी बसून बॅटरीवरची यंत्रं करतात. एक खाचरातलं पाणी कमी झालं की सांगतं, एक शेळ्यांच्या गोठ्याचं दार उघडं राहिलं की कोकलतं. यंत्र चाललं की बाकीचे खूश होतात, भाऊ ते झोपलं की खूश. "जागं ऱ्हायला खर्च येतो, आक्का," हे त्यांचं पालुपद.

ते कसं, असं मी एकदा विचारून बसले. त्यांनी मला ओट्यावर बसवलं आणि नखाएवढी चिप पुढे धरली.

"हिच्या पोटात दोन घड्याळं हायेत. एक पळणारं. काम आलं की त्येच लावायचं, पर बॅटरी लई खातं. दुसरं पेंगणारं. खातं कमी, पर भरवसा न्हाई. ऊन-थंडीनं मागंफुडं व्हतं."

"मग करायचं काय?"

"तिसरं भायेरनं लावायचं." तळहातावर इंद्रायणी तांदळाच्या दाण्याएवढी चंदेरी नळी होती. "मनगटी घड्याळात असतो त्योच स्फटिक. खातो चिमूटभर. चिप गाढ निजली तरी ह्यो मोजत बसतो, आन् येळ झाली की तिला उठिवतो."

त्या दिवसापासून ते मला माणसांचीही घड्याळं सांगू लागले. पौडला एका लग्नात एक पाहुणे माइक सोडेनात, तर भाऊ माझ्या कानात म्हणाले, "पळणारं चालू हाय, काम काय बी न्हाई." हसू आवरत मी विचारलं, "आणि माझं कोणतं?"

"पेंगणारं. उन्हात पळतंय, थंडीत रेंगाळतंय."

महिनाभर त्यांच्याकडे माझ्या कालवणाची वाटी गेली नाही.

एरवी रोज जायची. त्यांची बायको सुमन गेल्यापासून तो नेमच होता. चोरीच्या दिवशीही मी रिकामी वाटी आणायलाच गेले होते. भाऊ खाचरावर. डब्याचा पडदा काळा. झोपेवरची इतकी प्रवचनं ऐकूनही झोपलेलं आणि मेलेलं यंत्र मला ओळखता आलं नाही.

संध्याकाळी भाऊ डबा घेऊन माझ्या दारात उभे. "आक्का, डब्यातला सेल कुटं गेला?"

"तुमचा डबा गेला होता, भाऊ. मी अवयवदान करून टाकलं," मी हसत म्हणाले. तेव्हा मला मी फार विनोदी वाटायचे.

"न्हाई. निजला व्हता." एवढंच बोलून ते पायरीवर बसले.

मग त्यांच्याकडूनच कळलं. डबा सुमनच्या गोळ्यांसाठी केलेला, गोळीची वेळ झाली की वाजणारा. पहिल्यांदा भाऊंनी चिपमधल्या पेंगणाऱ्या घड्याळावरच भागवलं. सुमनने डबा ठेवला चुलीशेजारच्या फळीवर. तिथल्या उबेनं वेळ सरकत गेली, गोळ्या चुकल्या, आणि सुमनने नवऱ्याच्या हयातभरच्या नोकरीचा उद्धार केला. मग भाऊंनी तो चंदेरी दाणा बसवला. वेळ मात्र सुमनने स्वतः लावली, बटण दाबून दाबून, पाच मिनिटं पुढे. पौडची एसटी चुकू नये म्हणून त्या घरातली सगळीच घड्याळं तिने तशी ठेवली होती.

ती गेल्यावर भाऊंनी डब्याचं वाजणं बंद केलं. मोजणं बंद केलं नाही. सेल बदलताना आधी नवा जोडायचे, मगच जुना काढायचे. तिच्या अंगठ्यानं लावलेली वेळ तीन वर्षं अखंड चालली होती. ती मी पाऊण किलोसाठी थांबवली.

मी काट्यातला सेल काढून आणून दिला. भाऊंनी तो डब्यात बसवला. पडद्यावर चार शून्यं लुकलुकायला लागली. भाऊ त्यांच्याकडे बघत राहिले, बटणाला हात लावेनात. मी माफी मागितली. आयुष्यात पहिल्यांदाच असावं.

मग त्यांनी डबा माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाले,

"आक्का, येळ तुमीच लावा. पाच मिन्टं फुडं. ती बी तुमच्यासारखीच, न इचारता हात लावायची."