दामूअण्णांचा शेरा

दामूअण्णा चहा प्यायचे नाहीत, चहाची पडताळणी करायचे. आधी कप उजेडाला धरायचा, मग नाकाशी न्यायचा, एक घोट जिभेवर घोळवायचा आणि डोळे मिटून म्हणायचं, "शेरा: पाणचट." समोर यजमानीण पदर खोचून उभी का असेना!

कॉलेजात कारकून होते ते. ज्यांची कमाई बेताची, त्यांच्या मुलांना फी माफ व्हायची. त्यासाठी तलाठ्याकडचा उत्पन्नाचा दाखला लागायचा. बाकीचे कारकून दाखला बघून शिक्का मारायचे नि मोकळे व्हायचे. अण्णा म्हणायचे, "कागदाला तोंड नसतं, कपाला असतं," आणि सायकल काढून घरोघर निघायचे.

आमच्या भिसेगावात त्यांची घंटी वाजली की नुसती धांदल! बायका ट्रान्झिस्टर तांदळाच्या पिंपात लपवायच्या, पोरांना फाटके सदरे चढवायच्या आणि चुलीवर कोरा चहा ठेवायच्या. गरिबाघरी दूध कुठलं?

भातगिरणीवाल्या शेठनी तर कमालच केली. गोठा म्हशींनी भरलेला, आणि अण्णांपुढे कोरा चहा.

"आयकर भरता का, शेठ?"

"अहो, आमाला मिळकतच नाय, तर कर कसला?"

तेवढ्यात शेठचा कुत्रा डुलत डुलत आला. इतका जाडा की भुंकायचा तेही बसून. अण्णांनी त्याला नीट न्याहाळलं आणि सायकलवर टांग मारली. "शेरा: कुत्रा आयकरास पात्र."

तेव्हापासून घंटी ऐकली की शेठ आधी कुत्र्याला कोंडायचे.

मग आमची शैला कॉलेजात गेली. आमचे हे माथेरानला हॉटेलात कामाला. पावसाळ्यात हॉटेल बंद, की पगार बंद. फी माफ झाली नाही तर शैलाचं कॉलेज सुटणार, हे ठरलेलंच. शेजारच्या गंगूवैनीनं बजावलं, "कोराच दे गं! दूध दिसलं की फी बसली म्हणून समज."

अण्णा आले ते सायकल ढकलत. चेन तुटलेली, गुडघ्यापर्यंत चिखल. दमलेला माणूस ओटीवर बसलेला, त्याला कोरा चहा द्यायचा? माझा हातच होईना. मागल्या दारानं गंगूवैनीकडे धावले.

"वाटीभर दूध दे गं."

"मेले, पोरीचा घात करशील!" म्हणाली, पण दिलं.

अण्णांनी कप उजेडाला धरला. दाराआड शैला नखं खात होती. घोट घेतला, डोळे मिटले.

"वैनी, गोठा कुठं हाय तुमचा?"

"गोठा नाय, अण्णा."

"मग दूध?"

खोटं मला वेळेवर सुचतच नाही. "शेजारचं. उसनं."

ते असे हसले, की चहा बशीत सांडला. "म्हशी असलेल्यांनी मला कोरा पाजला, वैनी! आणि नसलेलीनं उसनं दूध आणलं. शेरा: फीमाफी मंजूर." मग हळूच म्हणाले, "आणखी अर्धा कप मिळंल का?"

त्यानंतर दर वर्षी यायचे. शैला बी.ए. झाली, लग्न होऊन मोहोपाड्याला गेली. अण्णाही निवृत्त झाले. तरी जून लागला आणि दारात घंटी!

"पडताळणी, वैनी."

"अहो, आता कसली पडताळणी? पोरगी सासरी गेली की!"

ते ओटीवर टेकले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"एकट्याच्या घरात दूध नासतं, वैनी."

मी चहाचा टोप चुलीवर ठेवला. त्या दिवशी अण्णांनी कप उजेडाला धरला नाही.