बिनआवाजाची वरात

रविवारी सकाळी चारुदत्त मोहरीलने दारातल्या जुन्या फियाटचं बॉनेट उघडलं, तेव्हा कौमुदी कपडे वाळत घालत होती. त्याने आपणहून सांगितलं, "अल्टरनेटर गेला. मीच बदलून राहिलो."

"तुम्ही?"

"हव."

नवं राज्य झालं आणि भोपाळच्या मंत्रालयातून त्याची रायपूरला बदली झाली. पुरानी बस्तीत भाड्याचं घर मिळालं. कचेरीत तो दिवसभर दुसऱ्यांनी लिहिलेल्या कागदांवर सह्या करी. एखादी वस्तू आपल्या हातांनी उघडावी आणि पुन्हा चालू करावी, असं त्याला फार दिवसांपासून वाटत होतं. आता निमित्तही होतं. शेजारच्या भैय्यालालच्या मुलाची, संग्रामची, वरात संध्याकाळी याच गाडीतून निघायची होती, आणि इंजिन सुरू केलं तरी बॅटरी चार्ज होत नव्हती, तिचा लाल दिवा विझत नव्हता. मिस्त्री गावी गेलेला. नवा अल्टरनेटर मात्र चारुदत्तने कालच आणून ठेवला होता.

त्याने बॅटरीची तार सोडवली, पट्टा उतरवला, बोल्ट काढले आणि जुना अल्टरनेटर मांडीवर घेऊन पायरीवर बसला. आत तांब्याच्या तारेची वेटोळी होती. एवढंसं हे गरगर फिरतं आणि त्यातून उजेड निघतो, या विचाराने तो हरवून गेला. थंडीतलं ऊन पाठीवर आलं, उतरलं. कौमुदीने जेवायला दोनदा हाक मारली. दोन्ही वेळा तो "आलो" म्हणाला.

दुपारी नवा अल्टरनेटर बसला. पट्टा तेवढा सैल वाटत होता. त्याने पहार लावून अल्टरनेटर मागे रेटला. अजून थोडा, अजून थोडा, आणि पट्टा तुटून त्याच्या हातात आला.

"आता?" कौमुदीने विचारलं.

"याच पट्ट्यावर पाण्याचा पंप फिरते. असंच चालवलं तर इंजिन तापन."

"दुकानं बंद आहेत आज."

तेवढ्यात भैय्यालाल फुलवाल्यांना घेऊन आला. चारुदत्त तुटका पट्टा पाठीमागे धरून उभा राहिला आणि गाडीवर झेंडू चढत गेले. शेवटी कौमुदीच म्हणाली, "भैया, गाड़ी चलेगी नहीं."

भैय्यालालने फुलांकडे पाहिलं. मग शांतपणे म्हणाला, "दीदी, बारात कौन-सी चलती है? नाचते-नाचते ढकेल लेंगे."

दिवेलागणीला वरात निघाली. चारुदत्त स्टिअरिंगवर, शेजारी कौमुदी, मागे फेटा सांभाळत संग्राम. मागून लोकांनी हात लावले आणि गाडी पाण्यातल्या नावेसारखी गल्लीतून सरकू लागली. बँड पुढच्या गाण्यासाठी थांबला की चाकांखालच्या पाकळ्यासुद्धा ऐकू येत. ओट्यावरची एक म्हातारी या बिनआवाजाच्या गाडीकडे पाहून सुनेला कौतुकाने म्हणाली, "कतेक सुग्घर गाड़ी हे, थोरको आवाज नइ करय."

त्या शांततेत संग्राम हळूच म्हणाला, "अंकल, डर लग रहा है. लड़की से बस एक बार बात हुई है."

कौमुदी मागे वळली. "आमची तर तेवढीबी झाली नव्हती."

"फिर?"

"अजून बोलूनच राहिलो."

चारुदत्तने समोरच पाहिलं. गाडी कुठे वळते आहे, हे काही क्षण त्याला कळलं नाही. ढकलणाऱ्यांनीच ती नीट वळवली.

दुसऱ्या दिवशी पट्टा मिळाला. चारुदत्तने तो बसवला, किल्ली फिरवली, आणि लाल दिवा विझला. त्याला इतका आनंद झाला की तो भैय्यालालला हात धरून घेऊन आला. इंजिन धडधडत होतं. भैय्यालालचा चेहरा पडला.

"ठीक हो गई?"

"हव. काहून?"

"साले साहब की बेटी की शादी है भैया, बीरगांव में. हमने बोल दिया है, बिना आवाज वाली गाड़ी भेजेंगे."

चारुदत्तने कौमुदीकडे पाहिलं. तिने पदराने बॉनेटवरची झेंडूची एक पाकळी झटकली.

"देऊन टाका," ती म्हणाली. "पट्टा तोडाले तुम्हाले कितीसा वेळ लागते."